सुट्टीनंतरचा पहिला दिवस

बाळांनो, त्या आठवड्यात थोरली आजी व्हिडिओ कॉलवर का येत नाही, असं तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तिन्ही वेळा ‘झोपलीय’ म्हटलं. ते खोटं होतं. ती आली असती तर तिने सगळं सांगून टाकलं असतं, आणि चूक माझी होती.

थोरली आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. छातीतला कर्करोग हाडांत उतरल्यापासून ती एक गोळी घेते. एकवीस दिवस रोज, मग सात दिवस सुट्टी. सुट्टी संपताना रक्त तपासायचं आणि अहवाल बरा असेल तरच पुन्हा सुरुवात. मी जामसंड्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, म्हणून घरातली औषधं माझ्याकडे. त्या रविवारी अहवाल यायच्या आधीच मी सवयीने गोळ्यांच्या डबीचे सातही कप्पे भरून ठेवले.

सोमवारी दहा वाजता अहवाल आला. पांढऱ्या पेशी फारच कमी होत्या. मी डबी उघडली. सोमवारचा कप्पा रिकामा.

“वयनी, गोळी खंय आसा?”

“पोटात. तूच घातलंस, मिया गिळलंय. तुझो नियम मोडूचो धीर कोणाक आसा गो?”

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, गोळी आठवडाभर बंद, संसर्गाची भीती म्हणून घरात पाहुणे नकोत, ताप शंभरच्या वर गेला तर तडक दाखल करा.

मी तिला समजावलं. पेशीत काही प्रथिनं ठरलेल्या वेळी साठत जातात. पुरेशी साठली की ती जोडीदार प्रथिनांना जागं करतात आणि पेशीला दुभंगायची परवानगी मिळते. गोळी त्या जोडीदारांना अडवते. रोगाच्या पेशी थांबतात, पण हाडांच्या मज्जेत, जिथे पांढऱ्या पेशी तयार होतात, तिथलं कामही थांबतं. दोन्हीकडच्या पेशी मेलेल्या नसतात, खोळंबलेल्या असतात.

“आणि ह्या सुट्टीत वायट त्याच आधी जाग्या झाल्या तर?”

चाळीस वर्षांत वर्गात एकाही मुलाने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

मी दिवसातून चारदा तिच्या तोंडात थर्मामीटर ठेवून ताप मोजायची. पाचव्या दिवशी सकाळी आकडा शंभर पूर्णांक आठ. मी गाडी बोलावली, पिशवी भरली, फाईल काखेत घेतली.

“गाडी कशाक?” ती म्हणाली. “आत्ताच गरम पेज प्यालंय मां मिया!”

अर्धा तास थांबायचं ठरवलं. दारात गाडीचं इंजिन चालू, मी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी. पुन्हा मोजला. साडेअठ्ठ्याण्णव. ड्रायव्हरला परत पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले.

पुढच्या सोमवारी अहवाल आला. पेशी वाढल्या होत्या. मी पाकिटातून एकच गोळी काढून तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

“आधी कागद वाच.”

वाचला.

“परत वाच. सावकाश.”

पुन्हा वाचला. मग तिने तळहात पुढे केला.