सव्वा तासाचा दोरा

कुणी एखाद्या गावाचं नाव घेतलं, की तो खिशातून पांढरा दोरा काढायचा. एक टोक नकाशावर नागपूरला दाबायचा, दुसरं त्या गावापर्यंत ताणायचा आणि फुटपट्टीवर मोजून सांगायचा, "सरळ रेषेत पाहा न जी. विमानानं इतकाच वेळ."

पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा, मी गणित. वयानं मोठा होता, पण मी त्याला 'ते' म्हणणार नाही. असा एखादा शहाणा तुमच्याही ओळखीत असेलच. यानं विमान पाहिलं होतं ते संत्र्याच्या बगीच्यात उभं राहून, मान वर करून. सौंसरच्या बसमध्ये त्याला उलट्या व्हायच्या.

ब्याऐंशी साली मुंबईहून तार आली. माझा मोठा भाऊ दवाखान्यात अत्यवस्थ होता. दुपारच्या गाडीनं नागपूर गाठून संध्याकाळची मुंबईची गाडी पकडायची, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात दोरा बाहेर आला.

"गाडीनं कायले जाता सर? रातभर धक्के खात बसान. सातशे किलोमीटर, सव्वा तासाचं काम हाये. संध्याकाळचं विमान धरा, आजच भावापाशी पोचान."

मी गणिताचा माणूस, आकड्याला भुललो.

संध्याकाळचं विमान आलंच नाही. ते आता येणार नाही हे कळेपर्यंत मुंबईची गाडी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान उडालं. मी घड्याळ पाहत होतो. बरोबर सव्वा तास लागला, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

भाऊ सकाळी अकराला गेला होता. वहिनी म्हणाली, "दाराकडंच पाहून राहिले होते, भाऊजी."

तेरावं आटोपून मी शाळेत आलो, तर हा माणूस चारचौघांत विचारतो, "पण सव्वाच तास लागला न जी?"

हातातला खडू मी त्याच्या अंगावर फेकला. पुढं पाच वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. तो भाजी माझ्याकडं सरकवायचा, मी परत सरकवायचो. एक शब्द बोललो नाही. त्याचा दोरा पुन्हा कुणाला दिसला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. बरं झालं, असंच वाटलं.

निवृत्त होऊन तो सौंसरला गेला आणि वर्षभरात तिथंच वारला. मी मातीला गेलो नाही.

नंतर शाळेतलं त्याचं कपाट माझ्याकडं आलं. आत तो जुना कापडी नकाशा गुंडाळून ठेवलेला होता. उघडला तर पांढरा दोरा त्यात सुईनं शिवलेला. सरळ रेषेत नाही. नागपूर, वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड असा रुळाच्या वळणावळणानं मुंबईपर्यंत. शेवटच्या टाक्याशी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गाडीनं, सकाळी आठला पोच.'

मी त्याला माफ केलेलं नाही. तो दोरा उसवायला ब्लेड घेतलं होतं, ते परत ठेवलं.