सोनेरी चौकटीतला हुकूम

ओबदुलिया रेंतेरियाने तुरुंगाच्या कचेरीतला सरकारी कागद मक्याचे तामाले उकडायच्या पातेल्यात लपवून पळवला, अशी आवई सध्या लाँड्रीपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत उठली आहे. साफ खोटं! तो कागद पळवायची गरजच नव्हती. दीड वर्ष तो हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये, सोनेरी चौकटीत, दिव्याखाली टांगलेला होता.

ओबदुलिया सतरा वर्षं पेकन क्रीक काउंटीच्या तुरुंगात कैद्यांच्या आवकजावकीची नोंद ठेवते. बाईची एकच खोड. सही असल्याशिवाय बोटसुद्धा हलवायची नाही. म्हणून शेरीफ ड्वेन हॅचल जेव्हा टोपी मागे सारून म्हणाला, "डुली, आजपासून सरहद्दीच्या नदीपलीकडे जन्मलेला एकही माणूस लगेच सोडायचा नाही," तेव्हा तिने कोरा कागद पुढे केला.

"लिहून द्या, साहेब."

"माझा शब्द पुरत नाही?"

"मला पुरतो. कपाटाला पुरत नाही."

हॅचलने लिहून दिलं. न्यायाधीशाने सोडलेला असो, दूरच्या केंद्र सरकारने मागितलेला नसो, तरी तीन दिवस आत! खाली ही एवढी मोठी सही. आणि मग स्वारी स्वतःच्याच सहीच्या प्रेमात पडली. निवडणुकीआधी त्याची गोमांस भाजायची जंगी मेजवानी असते, तिथे लिलावात लोक भाजलेली बरगडी, बंदुका, लोणच्याच्या बरण्या ठेवतात. या गड्याने हुकूमच चौकटीत घालून ठेवला! ध्वनिक्षेपकावर छाती फुगवून गरजला, "यातला शब्द न् शब्द माझा! जबाबदारी माझ्या एकट्याची!" गाड्यांचा व्यापारी स्टबलफील्ड याने तो बोलीत जिंकला. कचेरीच्या भिंतीवर राहिली नुसती झेरॉक्स.

त्या झेरॉक्सच्या आधारावर अडकला निकानोर बाल्देरास. छपरं घालणारा साधा माणूस, कायमच्या वास्तव्याचं कार्ड खिशात. दंड न भरल्यामुळे धरला होता. न्यायाधीशाने शुक्रवारी सकाळी सोडला. शनिवारी त्याच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस, रिवाजाप्रमाणे बापाबरोबरचा पहिला नाच. त्याची बायको खिडकीशी येऊन रडली. ओबदुलियाने कागदाकडे बोट दाखवलं आणि खिडकी लावून घेतली. मुलगी मामाबरोबर नाचली. ओबदुलियाला आमंत्रण होतं, ती गेलीही; पण केकची बशी तशीच ठेवून घरी परतली. शेजारणींनी विचारलं तर म्हणे, पोट बिघडलंय.

निकानोरने शेरीफ, काउंटी आणि ओबदुलिया या तिघांवर दावा ठोकला आणि झेरॉक्स भिंतीवरून गायब! शेरीफचा वकील म्हणाला, असा हुकूम कधी नव्हताच. कारकून बाईने आपल्या मनाने माणूस डांबला. म्हणजे शेरीफचा नियम असेल तर जाब शेरीफला आणि काउंटीला, बाईची चूक असेल तर बाईला! सतरा वर्षांची नोकरी जाणार, वर नाव बदनाम. तिची शेजारीण कचेरीबाहेर भेटली तेव्हा म्हणाली, "कोमाद्रे, सखे, आता काय करशील गं?"

"गाडी बघायला जाते," ओबदुलिया म्हणाली.

"तुला गाडी चालवता तरी येते?"

"बघायला लायसन लागत नाही."

शोरूममध्ये स्टबलफील्डने तिला कॉफी दिली, चौकटीसमोर उभं करून अभिमानाने फोटोही काढू दिला. तो फोटो निकानोरच्या वकीलबाईंकडे पोचला; पुढे त्यांचं समन्स आलं, तेव्हा बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने चौकट पुसून कोर्टात पाठवली. काच लखलखीत होती.

शपथेवरच्या जबाबाला हॅचल बूट चकाकवून आला. एरवी निवडणुकीच्या फलकावर डरकाळ्या फोडणारा वाघ, त्या दिवशी म्हणाला, "लेखी धोरण? आमच्याकडे? छे. बाई जरा अतिउत्साही आहे."

वकीलबाईंनी टेबलाखालून चौकट काढली.

"ही सही कोणाची, शेरीफ?"

हॅचलने चष्मा पुसला. परत पुसला. "माझ्यासारखी दिसते."

"आणि मेजवानीचा हा व्हिडिओ. आवाज कोणाचा?"

त्यावर त्याने पाणी मागितलं. तीन ग्लास प्यायला, म्हणतात. हे मात्र खरं, कारण पाणी ओबदुलियानेच आणून दिलं.

त्याच दुपारी तिचं नाव दाव्यातून वगळलं गेलं. शेरीफचं आणि काउंटीचं राहिलं. ओबदुलियाने आधी तिथेच बसलेल्या निकानोरच्या बायकोपाशी जाऊन मान खाली घातली. तिने क्षमा केली की नाही, ठाऊक नाही. पण खुर्ची सरकवून दिली.

ओबदुलिया निघाली तर कोर्टाच्या पायऱ्यांवर हॅचल. टोपी हातात.

"डुली, सतरा वर्षं एका छपराखाली काढली आपण. तुला निष्ठा म्हणून काही आहे की नाही?"

ओबदुलिया म्हणाली, "आहे ना, साहेब. जबाबदारी तुमची एकट्याची, असं तुम्ही सगळ्या गावासमोर म्हणालात. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही."