सोफ्यावरचे तिघे आणि हंसाकाकी

डहाणू-तलासरीच्या भागात समारंभ कोणाचाही असो, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर सर्वांत आधी बसायच्या त्या हंसाकाकी. तसा मान त्यांना कोणी दिलेला नव्हता. पण मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, सोफाही त्यांचाच. पाहुण्यांच्या गाड्या येण्याच्या पाचेक मिनिटं आधी त्या लुगडं सावरत यायच्या, सोफ्यावर धपकन बसायच्या, दोनदा उसळी घेऊन बघायच्या आणि स्टेजवरून बघत असलेल्या मला हात करून ओरडायच्या, "बेस!"

हा 'बेस' त्यांचा खास शब्द. गुजरातीत त्याचा अर्थ 'बस' आणि आपल्याकडे 'छान'. काकींचं माहेर उंबरगावचं आणि सासर नरपडचं, त्यामुळे त्यांना नेमकं काय म्हणायचंय हे कोणालाच कळत नसे. गुजराती पाहुण्याला वाटायचं बाई बसायला सांगते, मराठी पाहुण्याला वाटायचं कौतुक करते. दोघेही खूश होऊन खाली बसायचे.

मी पेशाने शिक्षक. आवाज बरा, म्हणून रविवारी सूत्रसंचालन करायचो. उद्घाटनं, सत्कार, वाढदिवस, साखरपुडे, सगळीकडे. माझ्याकडे विशेषणं होती आणि काकींकडे खुर्च्या, त्यामुळे पंधरा वर्षं आम्ही एकाच मांडवाखाली काढली. मंडपाचा धंदा मूळचा त्यांच्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा नातेवाईकांनी बांबू विकून मोकळं व्हायचा सल्ला दिला. काकींनी तेराव्याचा मंडप स्वतः शिडीवर चढून बांधला आणि शिडीवरूनच सल्ला देणाऱ्यांना म्हणाल्या, "खाली उभे आहात तर जरा दोरी धरा नी."

काकींमुळे मला आमच्या भागाचं राजकारण कळलं. वर्तमानपत्रातून नाही, खुर्च्यांवरून. बाबल हा त्याचा उत्तम दाखला. चिकूच्या करंड्यांखाली दमणच्या बाटल्या लपवून मोटारसायकलवरून आणणारा हा पोरगा. सुरुवातीला समारंभात तो मंडपाबाहेर गाड्या लावायचा. मग एका निवडणुकीत तो आणि त्याची पोरं आमदारसाहेबांच्या कामी आली, आणि बाबल आत येऊन बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पुढे दगडखाणींचे मालक असलेल्या शेठना हायवेजवळची एक जमीन लवकर मोकळी करून हवी होती. ती कशी मोकळी झाली हे कोणी विचारलं नाही, पण बाबल हातवाल्या खुर्चीवर आला. डंपर घेतले तेव्हा त्याच्या खुर्चीला साटीनचं कव्हर आणि मागे गुलाबी बो आला. आणि एका दसरा मेळाव्यात मी माइकवरून "आदरणीय बाबलशेठ" म्हणालो, तेव्हा तो साहेब आणि शेठ यांच्या मधोमध सोफ्यावर बसलेला होता. काकी मात्र त्याला शेवटपर्यंत बाबल्याच म्हणाल्या. त्याची आई आणि काकींची सासू बाजारात शेजारी शेजारी बोंबील विकायच्या, त्यामुळे तोही ते ऐकून घ्यायचा.

"साहेबाला मतं लागतात, शेठला डोंगर लागतात," काकी मला एकदा जेवणाच्या पंगतीत म्हणाल्या, "आणि दोघांना बाबल्या लागतो. म्हणून तो मधे बसतो. मला वाटलेलं, जाड झालाय म्हणून त्याला मधली जागा देतात."

एकदा मी त्यांना पेपरातला लेख वाचून दाखवला. दूरच्या कुठल्या तरी देशात गुंडांच्या टोळ्या, गर्भश्रीमंत घराणी आणि मंत्री यांचं कसं साटंलोटं आहे, त्याबद्दल होता. मी मोठ्या विद्वत्तेने म्हणालो, "अस्थिर देशांत असंच चालतं, काकी."

काकी झालर गुंडाळत होत्या. "अस्थिर म्हणजे?"

"म्हणजे सरकार टिकत नाही. आज हा, उद्या तो."

"मग आपलं बरं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे तिघं दहा वर्षं एकाच सोफ्यावर आहेत. स्प्रिंग गेली, पण ते हलत नाहीत."

तर अशा या काकी. हसायच्या, टोमणे मारायच्या, पण ऑर्डर सगळ्यांची घ्यायच्या. मीही सगळ्यांची नावं घ्यायचो. आमचं चांगलं चाललं होतं.

मग खाणीची जनसुनावणी आली.

सायवनच्या पुढे एका पाड्यामागच्या डोंगरावर शेठना दगडाची खाण आणि क्रशर टाकायचा होता. गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याहून अधिकारी येणार होते. मंडपाची ऑर्डर घेऊन बाबल स्वतः काकींच्या गोडाऊनवर आला. मीही तिथेच होतो. दोनशे खुर्च्या, स्टेज, चहूबाजूंनी कनात आणि आत यायला एकच दार. "स्टेजसमोर मोठी मोकळी जागा सोड, काकी," तो म्हणाला. "टीव्हीवाले येणार. मोकळं असलं की भपका दिसतो." मग त्याने माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर आठ नावं होती. "मास्तर, बोलायला एवढ्यांनाच बोलवायचं."

मी कागद खिशात घातला. माझी बदली करणं साहेबांच्या डाव्या हातचा मळ होता, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. हे कारण खरं आहे. तरी लिहिताना हात अडखळतो.

सुनावणीच्या सकाळी दोनशे खुर्च्यांवर बाबलची पोरं नऊ वाजताच येऊन बसली. मोबाइल बघत, वडापाव खात. अधिकारी आले, साहेब, शेठ आणि बाबल सोफ्यावर स्थानापन्न झाले. आणि मग डोंगराकडच्या वाटेने पाड्यावरची माणसं येऊ लागली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. तीन-चारशे तरी असतील. दारापाशी येऊन बघतात तर आत बसायला जागा नाही. ती सगळी कनातीबाहेर उन्हात उभी राहिली.

पुढे जेठीबाई होती. नागलीची शेती करणारी, साठीची, सडसडीत बाई. तिने दारात उभ्या असलेल्या काकींना विचारलं, "बाय, आमी कठं बसू?"

काकींनी एकदा खुर्च्यांकडे पाहिलं. एकदा टेम्पोकडे पाहिलं. आणि टेम्पोत चढल्या.

खुर्च्या घासू नयेत म्हणून टेम्पोत खाली अंथरलेल्या सतरंज्या, ताडपत्र्या, होतं नव्हतं ते सगळं त्यांनी ओढून काढलं. बाबलने सांगून ठेवलेल्या त्या मोकळ्या जागेत, थेट स्टेजच्या पायापासून, त्यांनी ते अंथरलं आणि हाळी दिली, "बेस, बेस! पोरंबाळं पुढे घ्या!" पाच मिनिटांत सगळा पाडा अधिकाऱ्यांच्या नाकासमोर मांडी घालून बसला होता आणि बाबलची पोरं पार मागे पडली होती.

बाबल धावत आला. "काकी, हे ऑर्डरमध्ये नव्हतं!"

"दोनशे खुर्च्या सांगितल्यास, दोनशे आणल्या," काकी म्हणाल्या. "सतरंज्या माझ्या आहेत. माझ्या सतरंजीवर कोणाला बसवू, ते तुला विचारू?"

अधिकारी बघत होते, कॅमेरे चालू होते. बाबल हसला, म्हणजे त्याने दात दाखवले, आणि सोफ्यावर परत जाऊन बसला.

मी खिशातली नावं पुकारायला लागलो. एकेक जण मागून येऊन खाणीचे फायदे सांगून गेला. एकाने तर 'रोजगारनिर्मिती' हा शब्द तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हटला. समोर जेठीबाई हात वर करून बसली होती. मला तो हात दिसत होता. आठवं नाव झालं. तिचा हात अजून वरच होता, आणि मी आभारप्रदर्शनाकडे वळलो.

तेवढ्यात काकी स्टेजवर चढल्या. "वायर बघते," असं अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाकून वायर पाहिली, उठताना माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, "जेठीबाय, उभी राह. मास्तर तुझं नाव घ्यायला विसरले."

खरं तर मला तिचं नावही तेव्हाच कळलं. काकींनी ते कधी विचारून घेतलं होतं कोण जाणे.

साहेब काहीतरी बोलणार होते, पण मुख्य अधिकारी म्हणाले, "बाईंना बोलू द्या."

जेठीबाई बोलली. थोडंच बोलली. "त्या डोंगरावं आमचा झरा हाय. नागली, वरी तठंच होते. आमाला खाण नको." मग मागे वळून खुर्च्यांकडे बोट केलं. "आणि ही पोरां आमच्या गावची नाय. त्यांना गावाचा नाव विचारा, साहेब."

अधिकाऱ्यांनी पुढच्याच खुर्चीवरच्या एकाला उठवून विचारलं, "कुठले तुम्ही?"

त्याच्या तोंडात वडापाव होता. घाबरून तो खरंच बोलला. "डहाणू स्टेशन."

सतरंजीवर जो हशा पिकला, तसा माझ्या कुठल्याच विनोदाला कधी पिकला नव्हता. त्यानंतर दोन तास माणसं बोलत राहिली आणि सगळ्यांच्या हरकती लिहून घेतल्या गेल्या. खाणीची फाईल आज कुठे आहे मला माहीत नाही. डोंगर अजून जागेवर आहे.

काकींचा धंदा मात्र जागेवर राहिला नाही. महिन्याभरात टेम्पोच्या कागदपत्रांत दोष निघाला, गोडाऊन रिकामं करायची नोटीस आली. ठरलेल्या लग्नांच्या ऑर्डरी रद्द झाल्या. लोक घरी येऊन चहा पिऊन, खाली बघत सांगून जायचे, "काकी, आमचाही नाइलाज आहे." आणि दिवाळीनंतर बाबलने स्वतःच मंडप डेकोरेटर्सचा धंदा उघडला. नव्याकोऱ्या खुर्च्या, नवा टेम्पो.

मी ओशाळून भेटायला गेलो, तर काकी ओटीवर बसून हसत होत्या. "ऐकलंस? बाबल्या सकाळी सहाला उठून बांबू मोजतो म्हणे. जे त्याच्या आईला जमलं नाही, ते मी केलं. पोरगा कष्टाला लागला!"

मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं. मी तिला बोलवायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. माझं मन राखायला काही बोलल्या नाहीत. चहा मात्र पुढे सरकवला.

"पण तुम्ही का केलंत? पंधरा वर्षं त्यांच्या ऑर्डरी घेतल्यात. सगळं ठाऊक होतं की."

काकींनी आपला कप उचलला. मग म्हणाल्या, "मास्तर, इतकी वर्षं मंडप घातले. आलेला प्रत्येक माणूस आपली जागा ठरवूनच येतो. नाही मिळाली तर दुसऱ्याला उठवतो. ती बाय एवढी चालून आली आणि मला विचारलंन, कुठे बसू. मी मंडपवाली. मला कोणी असं विचारावं, आणि मी सांगायचं, जागा नाही?"

गेल्या पावसाळ्यानंतर काकी गेल्या. आठ दिवस ताप, मग फुप्फुसाचं काहीतरी. अंत्ययात्रेला बरंचसं नरपड आलं होतं. सोफ्यावरच्या तिघांपैकी बाबल तेवढा आला, मागे उभा राहिला आणि निघून गेला. दहाव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं, की पाड्यावर हे कोणी कळवलेलंच नाही. रविवारी मी गेलो. माझे रविवार हल्ली मोकळेच असतात. जेठीबाई सुपात वरी पाखडत होती. सांगितल्यावर तिचे हात थांबले. "आजारी होती?" तिने विचारलं, आणि मग, "आमाला कोणी सांगितला नाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नरपडला काकींच्या घरी गेलो, तर ओटीवर, पायऱ्यांवर, अंगणात चिकूखाली माणसं बसलेली. पंचवीस-तीस तरी. काही जण टमटमने आलेले, बरेचसे चालत. जेठीबाई भिंतीला टेकून बसली होती. काकींची मुलगी वलसाडहून आलेली. ती गोंधळून दारात उभी होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, कोण ही माणसं? तासभर झाला, नुसती बसून आहेत."

मी म्हणालो, "काकींची."

तिने एकदा सगळ्यांकडे नीट पाहिलं. आत गेली आणि चहाला मोठं पातेलं काढलं.