तोफ समुद्राची, श्रोते वऱ्हाडातले

अकोल्यात राहून समुद्राच्या तोफांवर बोलायचं म्हटलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साचतात! नौदलात वीस वर्षं तोफांवर काढून मी जठारपेठेत परतलो. तेव्हापासून नाद एकच : महायुद्धात जहाजांवरच्या अवजड तोफा उतरवून किनाऱ्यावर कशा बसवल्या, हे लोकांना सांगायचं. ऐकणारे मात्र आपलेच!

*

अंजनगाव सुर्जीला पाऊण तास घसा फोडला. शेवटी एक काका उठले.

"सर, जहाजाची तोफ काहाडली, तं जहाज कशानं लढन?"

मी खूश! म्हटलं, "काका, जहाज म्हातारं झालं होतं. भंगारात निघालं."

"म्हंजे तोफबी जुनीच! आमाले वाटलं, नवी असन," म्हणत काका खाली बसले.

*

अमरावतीच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करायचं ठरलं. सुधाकरभाऊ आमचा मित्र, नांदगाव पेठला वेल्डर. त्याला ड्रॉइंग दिलं, चारदा समजावलं. पठ्ठ्यानं तोफेला दोन चाकं लावून आणली!

"अरे, ही सिमेंटच्या ओट्यावर पक्की बसवतात. जागच्या जागी फिरते. चाकं काहून लावली?"

"मंग हॉलात न्यायची कशी? डोक्श्यावर?"

चाकं राहिली.

*

प्रदर्शनात आयोजकांनी आम्हाला फवारणी पंपांच्या शेजारी जागा दिली. दिवसभर संत्रेवाले नळी वाकून बघत होते. नीलगायींच्या धुडगुसाला कंटाळलेल्या एकानं विचारलं, "रोही भेतीन का हिले?"

"भाऊ, ही जहाजं बुडवायले हाय."

"आमच्या वावरात जहाज येत नाही नं, रोही येतेत!"

*

समारोपाला पाहुण्यांनी माइकवर फर्मावलं, "या तोफेनं किती जहाजं बुडवली, ते सरांनी सांगावं!"

हा प्रश्न मी जन्मभर टाळत आलो. मी स्वतःही शत्रूवर एकही गोळा डागलेला नाही. पण खोटं कसं बोलणार?

"एकही नाही," मी म्हणालो. "तोफेवरची माणसं लढाई संपेपर्यंत पहारा देत बसली. शत्रू तिकडं आलाच नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमची बायको मंदा ताडकन उठली. माइकची गरजच नव्हती.

"आला नाही, का यायची हिंमत झाली नाही? नीट सांगा नं!"