इरकलीचा हिजाब

आमच्या समोरच्या घरातली मुलगी नांदेडला फॅशन डिझायनिंग शिकते. सुट्टीत लातूरला आली की ती निम्मा दिवस आमच्याकडंच असते, कारण शिलाई मशीन आणि भरपूर उजेडाची गच्ची दोन्ही माझ्याकडं आहेत. मी शाळेत शिवण शिकवते. सुईत दोरा ओवायला तिला मीच शिकवलं होतं. आता कुठल्या रंगाला सध्या मागणी आहे, हे तीच मला सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं माझी जुनी इरकल मागितली. साडी घडीवर विरली होती, पण लाल पदर अजून धड होता. त्या पदराचा तिनं हिजाब बेतला, कडेला बारीक काठ लावला आणि गच्चीवर मोबाईल उभा करून रील काढलं. पिन लावायला मी होतेच. पिन लावता लावता मी सहज बोलले, "आम्ही डोक्यावरून असं घेतो, तुम्ही असं. कापड तेच." ते वाक्य तिनं रीलमध्ये ठेवलं. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. मला कौतुकच वाटलं होतं.

सुट्टी संपून ती नांदेडला गेली. पहिले काही दिवस छान छान म्हणणारे होते. मग कुणीतरी माझं तेवढं वाक्य कापून वेगळ्याच पेजवर टाकलं आणि वर भलतंच काही लिहिलं. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आमची साडी त्यांच्या डोक्यावर कशाला, असं एका बाजूनं. हा पर्दा आहे की नुमाइश, नुसता दिखावा, असं दुसऱ्या बाजूनं. मधे माझ्या चष्म्यावर, वयावर, मंगळसूत्रावर शेरे. मी वाचत राहिले. फोन उपडा ठेवायचे आणि परत उचलायचे.

औशाहून दिरांचा फोन आला. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, तिथं गिऱ्हाइकानं त्यांना ती क्लिप दाखवली होती. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "वहिनी, तुमचं काय काम होतं तिथं?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. साडी माझी होती आणि मीच दिली, असं मी सांगितलं. नेहमी रस्त्यावर लावायची स्कूटर त्या दिवशी आमच्या ह्यांनी फाटकाच्या आत घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई आमच्या दारात आली. मी तिला भाभी म्हणते. पोरीचा फोन कालपासून बंद होता. हॉस्टेलचा फोन कुणी उचलत नव्हतं. त्यात तिचे वडील म्हणत होते, बस झालं शिक्षण, तिला घरी घेऊन या. भाभीचे ओठ कोरडे पडले होते. "तुम्ही चला माझ्यासोबत," ती म्हणाली. "मी एकटी गेले तर घेऊनच येईन तिला."

आम्ही नांदेडची बस धरली. भाभी बुरख्यात, मी तिच्या शेजारी. पुढच्या सीटवरचा एक तरुण सारखा मागं वळून बघत होता आणि त्याच्या हातात मोबाईल होता. ह्यानं ओळखलं, असं माझ्या मनानं घेतलं. अहमदपूर येईपर्यंत मी पदर डोक्यावर ओढून कपाळापर्यंत आणला होता. भाभीनं ते पाहिलं.

"आता तुम्ही पण?" ती हळूच म्हणाली.

आम्हाला दोघींना हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. लोह्याला तो तरुण उतरला. त्याची नजर सामानाच्या फळीवरच्या त्याच्या पोत्यावर होती, हे तो पोतं काढायला लागला तेव्हा कळलं. तरी मी पदर खाली घेतला नाही.

हॉस्टेलच्या खोलीत मुलगी जमिनीवर बसून कापड कापत होती. कॉलेजचं प्रदर्शन जवळ आलं होतं. कमेंट वाचवेनात म्हणून तिनं फोनच बंद करून ठेवला होता. आई आलेली पाहून ती उठली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, फोन बंद करायच्या आधीच रीलमधला तुमचा भाग मी काढून टाकलाय. आता फक्त मी आहे त्याच्यात."

माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याच वेळी ती आता त्यात एकटीच उरली, हेही ध्यानात आलं.

भाभीनं तिला रील पूर्ण काढून टाकायला सांगितलं. वडील काय म्हणतात तेही सांगितलं. मुलगी खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "सातवीपासून घेऊन राहिले मी हे. कॉलेजात एकजण म्हणते काढ, मोहल्ल्यात म्हणतात काळंच घे. मला लाल आवडतो अम्मी. ह्यात मी कुणाचं काय घेतलं?"

पोरीच्या गळ्याजवळची पिन निसटत होती, ती काढून भाभीनं नीट लावली. मग तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि खोलीबाहेर जाऊन बराच वेळ बोलली. आत आम्हा दोघींना फक्त तिच्या चपलांचा आवाज येत होता, या टोकाहून त्या टोकाला.

तोडगा निघाला तो असा: शिक्षण चालू राहील, पण यापुढं व्हिडिओत चेहरा दिसणार नाही. फक्त हात आणि कापड. मुलीला ते मान्य नव्हतं. तरी तिनं होकाराची मान हलवली, कारण दुसरा मार्ग म्हणजे संध्याकाळची परतीची बस होती.

प्रदर्शन पार पडलं. तिचे हिजाब मुलींनी पाहिले, दोन-चार जणींनी करून मागितले. कुणी गडबड केली नाही. दीर संक्रांतीला येऊन गेले, तिळगूळ घेतला, त्या विषयावर बोलले नाहीत. माझी क्लिप मात्र अजून फिरते आहे. मधेच कुणी ओळखीचं ती मलाच पाठवतं आणि विचारतं, ह्या तुम्हीच ना?

मुलगी रविवारी फोन करते. काय शिवलं ते सांगते. मी आधी विचारते, एकटी येतेस-जातेस का, अंधाराच्या आत खोलीवर असतेस ना. ती कंटाळून "हाव काकू" म्हणते. तिनं ते नुसतं मला गप्प करायला म्हटलं की खरंच, हे फोन ठेवल्यावरही मला ठरवता येत नाही.