मांडीवरची जखम आणि हायपो

डायलिसिस सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या डाव्या मांडीवर जांभळट चट्टा उठला. बघता बघता तो काळा पडला आणि फुटला. नुसती साडी घासली तरी जीव कळवळायचा. बसणं अशक्य झालं. मी उभ्याने जेवायचे, म्हणून हेही ताट घेऊन ओट्याशी उभे राहू लागले.

पनवेलमधल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. मग म्हणाल्या, "किडनीच्या पेशंटना क्वचित होतं हे. बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठतं, कातडीला रक्त मिळत नाही. कॅल्सिफायलॅक्सिस म्हणतात. दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततं."

"मग आता करायचं काय?" ह्यांनी विचारलं.

"कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू. आणि डायलिसिसच्या शेवटी शिरेतून औषध देऊ, सोडियम थायोसल्फेट."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. हे फोटो काढायचे, मी डार्करूममध्ये धुवायचे. फोटो पक्का करायला ज्यात बुडवायचा, तो हायपो म्हणजे हेच.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. मांडी ठणकत होती आणि मी भिंतीला धरून हसत होते. बाई घाबरल्या.

"मॅडम," हे म्हणाले, "हिने अख्ख्या पनवेलला ह्यात बुडवलंय. आता हिची पाळी."

मग त्याही हसल्या. "हे इंजेक्शनचं, शुद्ध असतं," एवढं मात्र त्यांनी बजावलं.

औषधाने पोटात ढवळायचं. मी लिंबू हुंगत पडायचे. हे कानाशी येऊन विचारायचे, "आली का प्रिंट?" ओकारी आणि हसू एकदमच यायचं. कित्येक महिने असेच गेले. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, आणि एक दिवस पट्टी सोडताना डायलिसिसची उरणकडची सिस्टर म्हणाली, "ताई, भरली की. आता पट्टी नको."

डायलिसिस चालूच आहे. पण एकदा डायलिसिस नसलेल्या दिवशी आम्ही उरणच्या मोरा बंदरावर जाऊन मुंबईची लाँच पकडली. मी फळीवर बसले. उठले. पुन्हा बसले. कुठेच दुखेना.

शेजारची कोळीण टोपली सरकवत म्हणाली, "बस ना गो बाय, जागा हाय."

"बसायलाच आलेय," मी म्हटलं आणि पार मुंबईपर्यंत बसून राहिले.