सुरी कुणाच्या हातात

कार्तिक वद्य पंचमी. खळं सारवून घ्यायचं होतं, आणि मी सुप्याच्या सरकारी दवाखान्यात उजवा हात पुढे करून बसले होते. कंपाउंडरने तळवा दाबून पाहिला. "अक्का, ही अ‍ॅब्सेस हाय." अ‍ॅब्सेस म्हणजे आत पू साठलेलं गळू. "फोडावं लागणार. पण ते माझं काम न्हाई."

कुंपण बांधताना बांबूचं कुसळ तळहातात गेलं होतं. सुईने काढलं, पण टोक आतच राहिलं. मग सूज, ठणका, ताप. बोटं मिटेनाशी झाली तेव्हा दिराने गाडी जुंपली. नवरा गेल्यापासून घर आणि गुरं माझ्याच हातावर चालतात. तो हात गेला तर आमच्याकडे दुसरी बाई नाही.

आमच्या रानात वैद्य पहिल्या खेपेला कधी होकार देत नाही. विडा-नारळ ठेवून पुन्हा पुन्हा विनवावं लागतं, तशी रीतच आहे. दीर हसून म्हणाला, "वैनी, हा पैला नकार. बसा तुमी." दुकानातून विडा-नारळ आणून त्याने कंपाउंडरपुढे ठेवला.

"काढा ते टेबलावरनं!" कंपाउंडर ओरडला. "हा वैद्याचा नकार न्हाई, सरकारचा हाय. गाडीभर नारळ आणलासा तरी तोच ऱ्हाणार."

"आमच्या मामाचं गळू तुमीच फोडलं की!"

"व्हय, फोडलं. मग मोठे डॉक्टर तपासणीला आले. तुमचा मामा वाचला, माझी नोकरी जाता जाता वाचली. औषध करणं आणि पट्टी बांधणं, एवढंच माझं. सुरी डॉक्टरची."

डॉक्टर फिरतीवर होते. दीर माझ्या कानाशी लागला, "गावचा न्हावी फोडतोय की. त्याला सरकारचा नियम न्हाई."

कंपाउंडरने ऐकलं. "म्हणूनच जाऊ नका," तो म्हणाला.

मला राग आला होता. दुखत होतं, आणि दोन हातांच्या अंतरावर, टेबलावर सुरी पडलेली दिसत होती. पण लोक हातापाया पडत असताना जो माणूस नाही म्हणतो, त्याचं ऐकावं असं मला वाटलं. मी थांबले. त्याने जोयड्याच्या वाटेवर निघालेल्या जंगल-गार्डाकडे डॉक्टरांसाठी निरोप दिला, हात झोळीत उंच बांधला आणि गरम पाण्याचा शेक दिला. मी ओसरीवर पडून राहिले. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घोड्यावरून आले. क्लोरोफॉर्म हुंगवला. त्याने माणूस बेशुद्ध होतो. जागी झाले तेव्हा हात बांधलेला होता आणि ठणका गेला होता. डॉक्टर म्हणाले, "तळव्यात टेंडन असतात, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या. त्यांतली एक जरी कापली गेली असती, तर ते बोट पुन्हा मिटलं नसतं. पू वाहिला, दोऱ्या शाबूत आहेत. आता हलवायचं काम तुमचं."

जखम भरेपर्यंत मी दवाखान्यातच राहिले. पट्टी बदलताना कंपाउंडर रोज म्हणे, "मिटवा, अक्का." मी ओरडे. तो म्हणे, "वरडा, पण मिटवा." अंगठा लवकर वळला, करंगळीने फार छळलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा. समोरच्याला कशाची परवानगी आहे ते आधी विचारा. तो नाही म्हणाला तर आर्जवं करू नका; मग कुणाकडे जाऊ, ते विचारा. आणि तळवा सुजला तर माझ्यासारखी वाट पाहत बसू नका, लगेच निघा.

निघताना मी डॉक्टरांना सांगितलं, "नियम बरा आहे. पण नाही म्हणणारा इथे आणि हो म्हणणारा रानात, हे बरं नाही. कुठल्या गावी जाता ते दारावर लिहून जात जा." ते हसले. कंपाउंडर हसला नाही, खडू शोधायला आत गेला.

घरी पोचायला दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिराला बाजूला सारलं, म्हशीखाली बसले आणि उजव्या हाताने धार काढली. करंगळी मागे राहत होती. तरी चरवी भरली.